लांबून शिकवणारे मास्तर

नरहर मास्तरांची आठवण झाली की मला आधी त्यांच्या नाकाचा थेंब आठवतो. माणसाची आठवण नाकापासून सुरू होणं बरं नाही, हे मला कळतं. पण ज्यांनी मला मुळाक्षरं शिकवली त्यांचं दुसरं काही माझ्या डोळ्यांपुढे आधी येतच नाही, त्याला मी काय करू? तपकिरीचा तो काळपट थेंब नाकाच्या शेंड्याशी लोंबायचा, आणि मी आणि माझा भाऊ मधू धडा सोडून त्याच्याकडे बघत बसायचो. आता पडेल, मग पडेल. कधी तो पुस्तकातल्या कमळाच्या चित्रावर पडायचा, कधी गवताच्या. मास्तर उपरण्याच्या टोकानं आधी नाक पुसायचे आणि मग त्याच टोकानं पुस्तक. पुस्तकाचा तो वास इतक्या वर्षांनीही नाकातून गेलेला नाही.

आणि हा माणूस उभ्या जगाला शी म्हणायचा.

आमचं गाव चामोर्शीच्या बाजूचं. पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मागे जंगल. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. गावात शाळा नावाची एक झोपडी होती, पण पावसाळ्यात तिथं शेळ्याच जास्त असत. बाबूजींचं मीठ, तेल आणि कापडाचं दुकान होतं. पोरं अडाणी राहू नयेत म्हणून त्यांनी चांद्याहून हे मास्तर आणले आणि आमच्या गोठ्याशेजारची खोली त्यांना दिली. ते आधी म्हणे एका शाळेत होते. ती का सोडली, असं बाबूजींनी विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "शाळेत पोरं अंगावर येतात."

आमच्याकडे त्यांनी पोरं अंगावर येऊ दिली नाहीत. ओसरीवर भिंतीला पाठ लावून ते बसत, पुढ्यात पाट, पाटावर पुस्तक. बाबूजींनी चांद्याहून आणलेलं ते एकच पुस्तक होतं. मधू त्यांच्या डाव्या हाताला, मी उजव्या, दोघंही हातभर दूर. बोटानं अक्षर दाखवायचं म्हणजे पुस्तकाला हात लागायचा, म्हणून त्यांनी बांबूची एक कामटी छान तासून घेतली होती. तिचं टोक अक्षरावर टेकवून ते वाचून दाखवत. आमच्या पाट्यांना त्यांनी कधी हात लावला नाही. "लांबून दाखव," म्हणायचे. आम्ही हात ताणून पाटी पुढे धरायची, त्यांनी मान मागे घेऊन बघायचं आणि म्हणायचं, "बरोबर. पुसून टाक." शाबासकी नाही, काही नाही. लिहिलेलं डोळ्यांसमोर फार वेळ राहिलं तरी त्यांना त्रास होत असावा.

स्वयंपाक स्वतःचा स्वतः करायचे. विहिरीचं पाणी स्वतः काढायचे, त्याआधी दोर धुवायचे, मग बादली धुवायचे, मग दोर जमिनीला लागला म्हणून पुन्हा दोर. माझी माय वैतागून म्हणायची, "या मानसाचं पानीबी आंगोळ करून येते." आणि तिचं बोलणं संपायच्या आत त्याच ओल्या हातानं तपकिरीची डबी उघडली जायची.

एकदा मधूनं जंगलातली टेंभराची फळं हावऱ्यासारखी खाल्ली होती. बेचा पाढा म्हणता म्हणता तो सतरंजीवर भडाभडा ओकला. त्या वयाच्या माणसाला इतकी मोठी उडी मारता येते, हे मी त्या दिवशी बघितलं. मास्तर ओसरीवरून थेट अंगणात, अंगणातून विहिरीवर. कपड्यांसकट बादल्या ओतून घेत तिथूनच ओरडले, "पाढा थांबवू नका. बे साते?" मधू ओकत होता, माय त्याची पाठ चोळत होती आणि मी रडत रडत चौदा म्हणत होते. पाढा मोडू दिला नाही, हे ते पुढे कितीतरी दिवस लोकांना अभिमानानं सांगत असत. मधूला बरं आहे का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी त्यांना एक विक्षिप्त माणूस म्हणून हसून सोडलं असतं. पण मग मैनी आली.

लच्छू मडावी आमच्या भागातला जंगलाचा नाकेदार. गोंड माणूस, खाकी सदऱ्यातला, हळू बोलणारा. त्याला ही एकच पोर, माझ्याच वयाची. एका सकाळी तो मैनीला घेऊन आमच्या अंगणात उभा राहिला आणि बाबूजींना म्हणाला, "शेठजी, माह्या पोरीलेबी तुमच्या लेकराईसंगं बसू द्या. साहेब कागद दाखवते आन मी मुंडी हालवतो. त्याच्यात काय लिवलं हाये, मले का मालूम? पोरीवर तशी पाळी नाई आली पायजे." चांद्याला मुलींचं एक वसतिगृह आहे, वाचता-लिहिता येणाऱ्या पोरीला तिथं घेतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तेवढं एक त्यानं मनात धरलं होतं.

बाबूजींनी मास्तरांकडे बघितलं. मला वाटलं, आता शी म्हणणार. पण लच्छूच्या हातात मधाची बाटली होती.

"शिकवीन," मास्तर म्हणाले. ते नेहमी शुद्ध बोलत. "विद्येला कोणी वर्ज्य नाही. मात्र अंतर राखून."

मैनीची जागा ठरली ती खाली अंगणात, ओसरीच्या कडेला टेकून, मास्तरांच्या अगदी समोर. पाट कडेशी ओढला की तिला पुस्तक दिसायचं. पाटी ती ओसरीच्या कडेवर ठेवून लिहायची. तिच्यासाठी दुसरी, लांब कामटी आली आणि ती बाहेर वळचणीला खोचलेली असायची. आमच्या घरात कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मधाचं मात्र वेगळं होतं. लच्छू बाटली ओसरीच्या कडेला ठेवून मागे सरायचा, मास्तर तांब्यातलं पाणी तिच्यावर शिंपडायचे आणि उचलायचे. "मध मुळातच शुद्ध," ते आम्हाला समजावून सांगत. "तो माशीचा असतो, माणसाचा नव्हे." मग बोट बुडवून चाटत. मिशीला मध, मधाला तपकीर, आणि ते सगळं जिभेनं आत. मी तोंड फिरवायची. मध ओसरीवर चढला, पोर कधी चढली नाही.

पावसाची झड आली की आम्ही भिंतीकडे सरकायचो, मैनी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन तिथंच बसायची. तिच्या पाटीवरची अक्षरं पाण्यानं वाहून जायची. मास्तर म्हणायचे, "बघा, हिला पुसायचे कष्ट नाहीत." आणि स्वतःच्या विनोदावर हसायचे, तेव्हा तो थेंब हालायचा.

पोरगी हुशार होती. घरी गोंडी बोलायची, तरी मराठी धडा आमच्याआधी वाचायची. तिनं पाटीवर लिहिलं की मास्तर वरूनच बघत आणि म्हणत, "बरोबर. पुसून टाक." संध्याकाळी लच्छू जंगलातून परतताना विचारायचा, "येते का जी पोरीले?" मास्तर म्हणत, "माझ्यासमोर दगडही वाचेल." लच्छू एवढ्यावर खूश होऊन घरी जायचा.

एकदा पाणी घेऊन येताना माय मैनीच्या मागे थांबली. मायला अक्षरओळख नव्हती. तरी ती माझ्या पाटीकडे बोट करून म्हणाली, "मास्तर, शांतीच्या पाटीवर रेघ वरतं असते, मैनीच्या पाटीवर खालतं काऊन हाये?"

"तुम्ही चुलीवरचं बघा," मास्तर म्हणाले. माय आत गेली.

पुढच्या उन्हाळ्यात चांद्याला जायचं ठरलं. पोरीला येतं असं सांगायला कोणी हवं म्हणून लच्छूनं मास्तरांना विनवून बरोबर घेतलं. बाबूजी दुकानाच्या मालासाठी निघालेच होते आणि माझं आजोळ चांद्याचं, म्हणून मीही निघाले. मूल या गावापर्यंत आमची बैलगाडी, पुढे छोटी रेल्वे. गाडीत मास्तर बसले होते, म्हणून लच्छू आणि मैनी सगळा रस्ता गाडीमागून चालत आले.

वसतिगृहाच्या बाई मेजामागे बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे होतं तेच पुस्तक काढलं आणि मैनीसमोर नीट सरळ ठेवलं. "वाच बाळ."

मैनी पुस्तकाकडे बघतच राहिली. तिचं बोट पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर गेलं, थबकलं, परत आलं. 

"वाच ना वं," लच्छू म्हणाला. "गावी वाचतं तसं वाच."

तिनं पुन्हा त्याच कोपऱ्यावर बोट टेकवलं. बाई थांबल्या होत्या. तेवढ्यात दारातून मास्तर बोलले, "मी शिकस्त केली, बाई. पण ही जंगलातली जात. यांनी मध काढावा, लाकूड तोडावं. यांच्या डोक्यात अक्षर टिकत नाही."

 वर्षभर ज्याचा मध चाटला त्याच्या तोंडावर हे बोलताना मास्तरांचा आवाज जराही बदलला नव्हता. मी लहान होते, पण उलटी येण्याआधी तोंडाला पाणी सुटतं तसं मला झालं.

सोपा धडा शोधायचा म्हणून बाईंनी पुस्तक स्वतःकडे फिरवून घेतलं आणि पानं उलटू लागल्या. एका पानाशी त्या थांबल्या, आणि मेजाच्या पलीकडून मैनी वाचू लागली. "गाय गवत खाते. बैल पाणी पितो. बाबा शेतात जातो." न अडखळता, अख्खं पान.

बाईंनी मान वर केली. पुस्तक परत मैनीकडे सरळ केलं. मैनी गप्प. उलट केलं, मैनी वाचू लागली. मग त्यांनी पाटी पुढे केली. मैनी उजवीकडून डावीकडे लिहीत गेली आणि बाईंच्या बाजूनं तिचं नाव सुरेख, सरळ उमटत गेलं. बाई उठल्या, मेजाला वळसा घालून तिच्या पाठीशी जाऊन वाकल्या. मीही गेले. मैनीच्या बाजूनं रेघ खाली होती आणि अक्षरं तिच्यावर उभी होती, बांधीत धानाची रोपं असतात तशी. माय जे म्हणाली होती ते मला तेव्हा दिसलं.

"हिला कुठं बसवत होता?" बाईंनी विचारलं.

"समोर," मास्तर उपरणं सारखं करत म्हणाले.

"आंगनात बसे ना जी," लच्छू म्हणाला. "मास्तर वरतं, पोरगी खालतं."

"म्हणजे वर्षभर तुम्ही हिला उलटं पुस्तक दाखवलंत. एकदाही हिच्या बाजूला जाऊन बघितलं नाहीत?"

"गरज काय?" मास्तर म्हणाले. "मला माझ्या जागेवरून बरोबर दिसत होतं."

हे ते चिडून म्हणाले नाहीत, अगदी मनापासून म्हणाले. त्यांच्या आयुष्यातली सगळी वाक्यं मी विसरेन, पण हे नाही.

बाईंनी लच्छूला सांगितलं, पोर हुशार आहे, पण इथं फळा भिंतीवर असतो, तो सगळ्यांना एकाच बाजूनं दिसतो. दिवाळीनंतर आणा, सरळ वाचलं की घेईन, तोवर जागा ठेवते. मास्तरांना त्या एवढंच म्हणाल्या, "हिला शेजारी बसवा."

परतीच्या वाटेवर लच्छूनं हात जोडून तेच मागितलं. "थोडेच दिवस, मास्तर. बाजूले बसवा जी तिले." मास्तर म्हणाले, "बघू."

बघितलं असं की दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पोरीऐवजी पुस्तक फिरवलं. आता पुस्तक मैनीला सरळ आणि त्यांना उलटं. गंमत अशी की उलटं पुस्तक मास्तरांना वाचता येईना. माझी आणि मधूची पाळी आली की ते पुस्तक आमच्याकडे फिरवायचे, मैनीची आली की पुन्हा तिच्याकडे, आणि तिच्या वेळी तोंडानं गाय म्हणत कामटी बैलावर टेकवायचे. मैनीला धडा पाठ होता, चित्रही दिसत होतं. ती म्हणाली, "मास्तर, थे बैल हाये." लांब कामटी तिच्या बोटांवर बसली. "उलटं वाचायला मी काय गोंड आहे?" मास्तर म्हणाले.

पाऊस सरत आला. लवकर येणाऱ्या हलक्या धानाच्या लोंब्या पिवळ्या पडू लागल्या आणि मैनी अजून पहिल्या पानावरच होती. रोज कामटी चुकायची, रोज मार बसायचा. लच्छूनं विचारलं की मास्तर म्हणायचे, "घाई करू नका. यंदा नाही तर पुढल्या साली." आणि मग लगेच, यंदाचा मध कधी उतरवणार म्हणून चौकशी. लच्छू पोरीला हाताशी धरून जायचा. तिची बोटं सुजलेली असायची.

एका सकाळी माय कमरेवर घागर घेऊन अंगणात आली तेव्हा मार चालूच होता. तिनं घागर खाली ठेवली, मैनीचा दंड धरला, तिला उचलून ओसरीवर घेतलं आणि मास्तर नि मी यांच्या मध्ये बसवलं. "इथी बस," ती म्हणाली. "आन मास्तर, तुमी शिकवा."

मास्तर ताडकन उठले. "ओसरी बाटली."

"धुऊन काढीन मी. पोरीले वाचू द्या."

आमची माय दुकानात आलेल्या परक्या माणसासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, ती हे बोलली. मास्तर विहिरीवर गेले आणि बादल्या ओतत बाबूजींना हाका मारू लागले. दुकानातून बाबूजी आले. त्यांनी विहिरीकडे बघितलं, ओसरीकडे बघितलं, मायच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "मास्तर, गाडी कवा जोडू?"

त्याच दिवशी मास्तर गेले. शेगडी, तांब्या, तपकिरीची डबी आणि मधाची उरलेली बाटली एवढं त्यांनी नेलं. दोन्ही कामट्या राहिल्या होत्या, त्या मायनं चुलीत घातल्या.

पुस्तक आमचं होतंच. मधू आणि मी मैनीच्या दोन्ही बाजूंना चिकटून बसायचो आणि बोट लावून वाचायचो. सुरुवातीला ती मान इतकी वाकडी करायची की कान खांद्याला लागायचा. हळूहळू मान सरळ झाली. दिवाळीनंतर लच्छू तिला घेऊन गेला आणि एकटाच परत आला. आमच्या अंगणात उभा राहून म्हणाला, "वाचलं पोरीनं. बाईनं घेतलं तिले." मायनं त्याला ओसरीवर बसवून चहा दिला.

मैनी पुढे शिकून चांद्यातच एका शाळेवर बाई झाली. मी लग्न होऊन त्याच गावात आले. एका दुपारी आम्ही दोघी पठाणपुऱ्याकडून बाजाराला चाललो होतो, तेव्हा एका ओसरीवरून आवाज आला, "बरोबर. पुसून टाक." आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो.

मास्तर म्हातारे झाले होते. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा पडला होता. भिंतीकडे सतरंजी, पुढ्यात पाट, हातात कामटी, वळचणीला दुसरी. नाकावर तो थेंब तसाच. ओसरीवर त्या घरची दोन पोरं हातभर अंतरावर बसली होती, आणि खाली रस्त्याच्या धुळीत, कडेला टेकून, मळक्या झग्यातली एक पोर पाटीवर लिहीत होती. मैनी तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. मी वाकून बघितलं. रेघ खाली होती.

मैनीनं ते हळू आवाजात वाचून काढलं, मान जराही न वळवता. 

मास्तरांना चाहूल लागली. मैनीची पांढरी साडी तेवढी त्यांना धूसर दिसली असावी. "या बाई, बसा," ते अदबीनं म्हणाले आणि स्वतः सरकून शेजारची सतरंजी हातानं साफ करू लागले. "इथं बसा, माझ्याजवळ."

त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. मैनीनंही नाव सांगितलं नाही. तिनं खाली वाकून त्या पोरीला काखेत धरून उचललं आणि त्यांनी साफ केलेल्या जागेवर बसवलं. पोरीचा धुळीचा गुडघा मास्तरांच्या धोतराला लागला.

"शी," मास्तर म्हणाले आणि सरकले. पोर पुस्तक बघायला पुढे झाली, ते आणखी सरकले. थेंब पुस्तकावर पडला. पोरीनं तो झग्यानं पुसला आणि पानावर वाकली. मला मास्तरांची दया आली नाही, आजही येत नाही. शिसारी तेवढी आली, पहिल्यासारखीच.

"आखीन सरका जरासे, मास्तर," मैनी म्हणाली. "तिले पुस्तक दिसून नाई राह्यलं."

मास्तरांनी पाय पोटाशी घेतले. त्यांचा खांदा आता बाजूच्या भिंतीला लागला होता. आणखी सरकायला जागा नव्हती.